कॉर्नेलची बर्फावरची हॉकी आणि व्हाइटलॉ चषकाचा जल्लोष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की प्रश्नांची रीघ लागते. कॉर्नेल विद्यापीठात नव्यानं आलेली मराठी मुलंमुली विचारतात, पुण्या-नाशिकहून त्यांचे आईवडील विचारतात, बॉस्टन-न्यू जर्सीतली मित्रमंडळी विचारतात. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं संघानं कॉन्फरन्सचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हापासून तर विचारणा दुप्पट झाली. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. ही हॉकी म्हणजे आपली ध्यानचंद-धनराज पिल्लेंची हॉकी का?

नाही. खडकीच्या धनराजनं गाजवली ती मैदानी हॉकी. अमेरिकेत नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरची हॉकी. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात, त्यातला एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात. खेळाडू दर चाळीस-पन्नास सेकंदांनी बदलत राहतात, तेही खेळ चालू असतानाच. पहिल्यांदा बघणाऱ्याला पक दिसतच नाही. काळजी करू नका, खेळाडूंची तोंडं कुठे वळली आहेत ते बघा. तासाभरात डोळा बसतो.

२. कॉन्फरन्स म्हणजे काय? ईसीएसीमध्ये कोण कोण आहे?

अमेरिकेतली विद्यापीठं गटागटानं खेळतात. वर्षभर बहुतेक सामने गटातल्याच संघांशी होतात आणि शेवटी गटाचा विजेता ठरतो. असा गट म्हणजे कॉन्फरन्स. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या हॉकीत अशा सहा कॉन्फरन्स आहेत.

कॉर्नेलची कॉन्फरन्स म्हणजे ईसीएसी. तिच्यात बारा संघ आहेत: ब्राउन, क्लार्कसन, कोलगेट, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, प्रिन्स्टन, क्विनिपिॲक, रेन्सेलर, सेंट लॉरेन्स, युनियन आणि येल. यातली काही नावं जगभर माहीत असलेली आहेत, तर काही विद्यापीठं इतक्या छोट्या गावांत आहेत की हॉकी नसती तर त्यांचं नाव आपल्या कानावर आलंच नसतं. बर्फावर मात्र हा फरक पुसला जातो. क्लार्कसन हार्वर्डला हरवतं आणि कुणाला त्याचं आश्चर्यही वाटत नाही.

३. अजिंक्यपद कसं ठरतं? सगळ्यात जास्त गुण मिळवणारा जिंकतो ना?

तो जिंकतो, पण दुसरा चषक. नियमित हंगामात अव्वल येणाऱ्याला क्लीअरी चषक मिळतो. त्यानंतर सगळे बारा संघ बाद फेरीत उतरतात आणि ती जिंकणाऱ्याला व्हाइटलॉ चषक मिळतो. कॉन्फरन्सचा विजेता म्हणून मान व्हाइटलॉवाल्याचा.

बाद फेरीत पहिल्या चार संघांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. उरलेल्या आठांत एकेक सामना होतो. उपउपांत्य फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे असतात आणि ते वरच्या क्रमांकाच्या संघाच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, होतात. मग शेवटचे चार संघ लेक प्लॅसिड या गावी जातात (प्रश्न ८). शुक्रवारी उपांत्य, शनिवारी अंतिम. तिथे दुसरी संधी नाही.

२०२५ मध्ये कॉर्नेल सहाव्या क्रमांकानं बाद फेरीत आलं होतं. घरच्या रिंकवर पहिली फेरी, मग कोलगेटच्या रिंकवर जाऊन मालिका जिंकली, लेक प्लॅसिडला क्विनिपिॲकला जादा वेळेत हरवलं आणि दुसऱ्या दिवशी क्लार्कसनला.

४. मग अव्वल संघ व्हाइटलॉ चषक हरतो असं खरंच होतं?

सर्रास होतं. क्विनिपिॲकचं उदाहरण घ्या. नियमित हंगामात हा संघ गेली कित्येक वर्षं सगळ्यांच्या वर असतो, पण २०२५ पर्यंत त्यांच्याकडे व्हाइटलॉ चषक एकच होता, २०१६ चा. २०२३ मध्ये कोलगेटनं त्यांना उपांत्य फेरीत, जादा वेळेच्या दुसऱ्या सत्रात बाहेर काढलं आणि पुढे चषकही नेला. आणि त्याच क्विनिपिॲकनं तीन आठवड्यांनी मिनेसोटाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं! येलचं २०१३ मध्ये तसंच झालं. कॉन्फरन्सच्या शेवटच्या चारांत दोन्ही सामने हरले, नंतर देशात पहिले आले.

म्हणून कुणी म्हणालं की ‘कॉन्फरन्स जिंकली म्हणजे संघ सगळ्यात चांगला’, तर मान डोलावू नका. मार्चच्या त्या दोन दिवसांत संघ डगमगला नाही, एवढंच ते सांगतं. आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

५. राष्ट्रीय विजेतेपद तर नाही मिळालं. मग एवढा जल्लोष कशाचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुधा थोड्या कुत्सितपणे. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

एक कारण व्यवहाराचं आहे. देशातल्या सोळा संघांना राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळते. सहा कॉन्फरन्सचे विजेते थेट आत जातात, बाकीचे दहा गणिती क्रमवारीवरून निवडले जातात. २०२५ मध्ये कॉर्नेल त्या क्रमवारीत बरंच मागे होतं. शनिवारी हरले असते तर हंगाम तिथेच संपला असता. जिंकले, म्हणून रविवारी सोळांच्या यादीत नाव आलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी बलाढ्य मिशिगन स्टेटला शेवटच्या काही सेकंदांत गोल करून घरी पाठवलं. मग बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून जादा वेळेत हरले.

दुसरं कारण इतिहासाचं. कॉर्नेलनं राष्ट्रीय विजेतेपद दोनदा जिंकलं आहे, १९६७ आणि १९७० मध्ये. १९७० चा संघ प्रशिक्षक नेड हार्कनेस यांच्या हाताखाली २९ सामने खेळला आणि २९ जिंकला. पहिल्या श्रेणीच्या पुरुष हॉकीत असा पूर्ण निष्कलंक हंगाम दुसऱ्या कुणालाही साधलेला नाही. पण त्याला अर्धशतक उलटून गेलं. तेव्हापासून चाहत्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या चषकावर जगल्या तो व्हाइटलॉ. २०२५ पर्यंत कॉर्नेलनं कॉन्फरन्स १४ वेळा जिंकली, इतर कुणाहीपेक्षा जास्त.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात जवळचं आहे: वाट पाहणं. २०१० नंतर थेट २०२४. मधल्या काळात २०१७ चा अंतिम सामना हार्वर्डकडून हरलो, २०१९ चा क्लार्कसनकडून जादा वेळेत हरलो. २०२० मध्ये संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता, २३ सामने जिंकून फक्त दोन हरला होता, आणि १२ मार्चला कोविडमुळे सगळं बंद झालं. हरलोही नाही, जिंकलोही नाही. पुढचा अख्खा हंगाम आयव्ही लीगनं, म्हणजे कॉर्नेल ज्या आठ विद्यापीठांच्या गटात आहे त्या गटानं (प्रश्न १८), रद्द केला. त्या वेळी पहिल्या वर्षाला असलेली मुलं चषक न बघताच पदवी घेऊन गेली. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांच्यातले कितीतरी जण नोकरीतून सुट्टी काढून लेक प्लॅसिडला आले होते आणि सेंट लॉरेन्सविरुद्ध शेवटचा भोंगा वाजला तेव्हा ढसाढसा रडत होते. तो आनंद राष्ट्रीय चषकाची दुधाची तहान ताकावर भागवण्याचा नव्हता. तो त्या चषकाचाच आनंद होता.

६. ‘लायना फेथफुल’ कोण?

कॉर्नेलच्या रिंकचं नाव लायना. ती १९५७ मध्ये सुरू झाली, सव्वाचार हजारांच्या आसपास लोक बसतात. तिथल्या चाहत्यांना लायना फेथफुल म्हणतात. नाव कुठून नोंदवावं लागत नाही. आलात, उभे राहिलात, ओरडलात की झालात. विद्यार्थी संपूर्ण सामना उभ्यानं बघतात, त्यामुळे बूट चांगले घाला.

रीती पुष्कळ आहेत, महत्त्वाच्या तेवढ्या सांगते. पाहुण्या संघाची नावं पुकारली जाताना सगळे विद्यार्थी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून वाचत बसल्याचं दाखवतात, जणू समोर काही घडतच नाही. राष्ट्रगीतात ‘रेड’ हा शब्द आला की अख्खी रिंक तो एकदम ओरडते, कारण लाल हा कॉर्नेलचा रंग. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. आपल्याकडे राष्ट्रगीताच्या वेळी असं कुणी करणार नाही, पण तिथे त्यात अवमान मानत नाहीत. गाईच्या गळ्यातल्यासारखी घंटा एका ठेक्यात वाजते आणि त्यावर घोषणा होतात. आपण गोल केला की समोरच्या गोलरक्षकाकडे बोटं रोखून ‘सिव्ह, सिव्ह’ म्हणजे ‘चाळणी, चाळणी’ असा पुकारा होतो. विजय नक्की झाला की शेवटच्या मिनिटांत सगळे खिशातून किल्ल्या काढून खुळखुळवतात: पाहुण्यांनो, बस गरम करायला घ्या.

बँडबद्दल वेगळं सांगायला हवं. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल थांबला की पाय थांबतात, तसं बँड गप्प झाला की रिंक गप्प होते. ती मुलं संघाबरोबर प्रवास करतात, थंडीत ओठ फुटलेले असतानाही वाजवतात. जल्लोषाचा अर्धा भार त्यांच्या खांद्यावर असतो आणि त्यांचं नाव कुठल्याच बातमीत येत नाही.

७. हार्वर्डविरुद्ध बर्फावर मासे फेकतात हे खरं का?

खरं आहे. गोष्ट १९७० च्या दशकातली. कॉर्नेलमध्ये शेतकीचं मोठं महाविद्यालय आहे, त्यावरून हिणवायला हार्वर्डच्या एका प्रेक्षकानं कॉर्नेलच्या गोलरक्षकाच्या दिशेनं मेलेली कोंबडी फेकली. उत्तरादाखल इथाकात, म्हणजे कॉर्नेलच्या गावी, हार्वर्डवर मासे पडले, हार्वर्डशेजारच्या बॉस्टनच्या मासळीची आठवण म्हणून. ते आजतागायत चालू आहे. हार्वर्डचा संघ सामन्याआधी बर्फावर येतो तेव्हा मासे उडतात, कर्मचारी फावड्यानं गोळा करतात आणि मग खेळ सुरू होतो.

हे फक्त लायनात आणि फक्त त्या क्षणी. सामना सुरू झाल्यावर काही फेकलंत तर काय होतं ते प्रश्न १२ मध्ये आहे. आणि लेक प्लॅसिडला मासा घेऊन जाऊ नका. दारावर पिशव्या तपासतात.

८. अंतिम सामने लेक प्लॅसिडलाच का?

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅक डोंगरांत हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव आहे आणि तिथे दोनदा हिवाळी ऑलिंपिक झालं, १९३२ आणि १९८० मध्ये. ज्या रिंकवर २२ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेच्या महाविद्यालयीन पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं, त्याच रिंकवर आता ईसीएसीचे सामने होतात. त्या संघाचे प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांचं नाव तिला दिलं आहे. १९९३ ते २००२ स्पर्धा इथेच होती, मग ऑल्बनी आणि अटलांटिक सिटीला फिरून २०१४ मध्ये परत आली.

कॉर्नेलचं या गावाशी आणखी जुनं नातं आहे. १९७० चा तो निष्कलंक हंगाम पूर्ण झाला तो लेक प्लॅसिडलाच, १९३२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या रिंकमध्ये, क्लार्कसनला ६-४ हरवून. ती जुनी रिंक आजही त्याच संकुलात, नव्या रिंकच्या शेजारी आहे. मध्यंतरात तिथे डोकावून या. २०२५ मध्ये समोर पुन्हा क्लार्कसनच होतं हे कळल्यावर जुने चाहते का गहिवरले ते कळेल.

९. इथाकाहून जायचं कसं? सोबत काय घ्यायचं?

गाडीनं साडेचार तास धरा, बर्फ पडत असेल तर जास्त. यूटिका, ओल्ड फोर्ज, टपर लेक, सॅरनॅक लेक असा रस्ता आहे. यूटिका सोडल्यावर जंगल लागतं, मोबाइलची रेंज मधे मधे जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. अंधारात हरणं रस्त्यावर येतात. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर हा पहिला प्रयोग करायची जागा नाही, कुणा सवयीच्या माणसाबरोबर जा. सामना संपवून रात्रीच परत निघण्याचा विचार तर करूच नका.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि रिंकच्या आतही गारठा असतो. एकावर एक तीन थर घाला, सगळ्यात वरचा लाल. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे दशम्या-चटणी गाडीत ठेवा. आत शाकाहारी लोकांसाठी पिझ्झा, फ्रेंच फ्राइज आणि हॉट चॉकलेट एवढ्यावर भागवावं लागतं.

१०. तिथे आपले लोक जास्त असतात का? एकटं पडल्यासारखं होईल?

सेंट लॉरेन्सचं गाव कँटन आणि क्लार्कसनचं पॉट्सडॅम, दोन्ही लेक प्लॅसिडपासून दीडेक तासावर. २०२४ ला एक समोर होतं, २०२५ ला दुसरं. म्हणजे पाहुणे आपणच. तरीही दोन्ही वर्षं लाल रंगाचा मोठा पट्टा दिसत होता. कॉर्नेलचे चाहते प्रवास करतात, ही त्यांची ख्यातीच आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २००७ पासून साधारण वर्षाआड बॉस्टन युनिव्हर्सिटीशी सामना होतो, तोही ते भरून टाकतात.

एकटे आला असाल तर बँडच्या जवळची जागा बघा. शेजारी कोण आहे हे पाच मिनिटांत बिनमहत्त्वाचं होतं.

११. शेवटचा भोंगा वाजल्यावर नेमकं काय होतं? मी कधी निघू?

निघू नका. खरं बघण्यासारखं तिथून पुढेच असतं.

हरणारा संघ शेवटच्या दोन मिनिटांत गोलरक्षक काढून सहावा आक्रमक आणतो, त्यामुळे शेवट नेहमी जीव टांगणीला लावणारा होतो. मग भोंगा. बाकावरचे सगळे कठड्यावरून उड्या मारतात आणि हवेत हातमोजे, काठ्या, हेल्मेट उडतात. महाविद्यालयीन हॉकीत चेहऱ्यावर जाळी सक्तीची आहे, म्हणून वर्षभर ज्यांचे चेहरे नीट दिसलेले नसतात ते त्या क्षणी पहिल्यांदा उघडे दिसतात. केस घामानं चिकटलेले, डोक्यातून वाफ निघते आहे, आणि वय दिसतं: वीस, एकवीस, बावीस. सगळे गोलरक्षकावर कोसळतात. तो दिसेनासा होतो.

त्याच वेळी दुसऱ्या टोकाला बघा. हरलेली मुलं काठीवर रेलून, मान खाली घालून उभी असतात. ती आत जात नाहीत, कारण हस्तांदोलनाची रांग अजून बाकी असते. दोन्ही संघ एकेकाच्या समोरून जातात, काही जण थांबून मिठी मारतात. ही रांग चालू असताना फेथफुल टाळ्या वाजवतात, घोषणा नाही. हे पाळा.

मग सर्वोत्तम खेळाडूंची नावं, मग चषक. कर्णधार तो डोक्यावर धरून पहिली फेरी मारतो आणि हातोहात चषक सगळ्यांकडे जातो. फिरत फिरत ते लाल कोपऱ्यापाशी येतात. आपण काचेवर तळवे बडवत असतो, पलीकडून ते हातमोजा काढलेला हात काचेला टेकवतात. बँड विद्यापीठाचं गीत सुरू करतो, लोक शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून डोलतात. २०२५ ला त्या गर्दीत माइक शाफर होते. १९८६ ला ते याच संघाचे खेळाडू म्हणून जिंकले होते, १९९५ पासून तीस हंगाम प्रशिक्षक राहिले, आणि हा शेवटचा हंगाम असं आधीच जाहीर केलेलं. प्रशिक्षक म्हणून त्यांचा तो सातवा व्हाइटलॉ. लोक त्यांच्या नावानं ओरडत होते आणि थांबायला तयार नव्हते.

१२. जिंकल्यावर काही फेकलं तर चालतं का? टोप्या फेकतात ना?

टोप्यांची सवलत एकाच गोष्टीसाठी आहे: एका खेळाडूनं एका सामन्यात तीन गोल केले तर. तेव्हा बर्फावर टोप्या पडतात आणि पंच सहसा दुर्लक्ष करतात. टोपी परत मिळेल असं धरून चालू नका.

एरवी खेळ चालू असताना प्रेक्षकांतून काही पडलं तर संघाला खेळ खोळंबवल्याबद्दल दोन मिनिटांची शिक्षा होऊ शकते. म्हणजे आपला एक खेळाडू कमी आणि समोरच्याला गोलाची आयती संधी. एका गोलानं ठरणाऱ्या सामन्यात तुमच्या हौसेची किंमत पोरांनी का मोजावी? भोंग्यानंतरही काही फेकू नका, खाली धारदार पात्यांवर दमलेले खेळाडू असतात.

१३. बास्केटबॉलसारखं मैदानात धावून जाता येतं का?

नाही. बर्फ, कठडा, काच आणि सुरक्षारक्षक, चारही तुमच्या विरोधात आहेत. खेळाडूंचे आईवडील नंतर खाली येतात, त्यांना परवानगी असते. बाकीच्यांनी काचेपर्यंत.

१४. बरोबरी झाली तर? किती वेळ थांबायचं?

बाद फेरीत बरोबरी नसते. वीस मिनिटांचं जादा सत्र, पूर्ण संघांनिशी, आणि पहिला गोल झाला की खेळ खलास. गोल नाही झाला तर आणखी वीस मिनिटं. २०१० मध्ये क्विनिपिॲक आणि युनियनचा उपउपांत्य सामना जादा वेळेच्या पाचव्या सत्रात संपला. हॉटेलवाल्याला रात्री उशिरा येऊ असं आधीच सांगून ठेवा.

१५. घोषणांमध्ये शिव्या असतात. मुलं सोबत आहेत, काय करू?

असतात, लपवत नाही. विद्यापीठ त्या बंद करायला वेळोवेळी सांगतं, काही कमी होतात, काही परत येतात. विद्यार्थ्यांच्या विभागापासून दूर, समोरच्या बाजूची तिकिटं घ्या, तिथे कुटुंबं असतात. मला स्वतःला वाटतं की चाळणी आणि वर्तमानपत्र एवढ्यात जितकी मजा आहे तितकी कुठल्याही शिवीत नाही. खेळाडूच्या घरच्यांवरून, देशावरून किंवा रंगावरून कुणी काही बोललं तर ते रीतीत बसत नाही. सरळ रक्षकाला सांगा.

१६. विद्यार्थी व्हिसावर आहे. जल्लोषात काय जपावं?

दारूचं वय २१ आहे. मोठं दिसण्यानं काम होत नाही, ओळखपत्र मागतात. उघडी बाटली घेऊन रस्त्यावर फिरणं, खांबावर चढणं, गाडीवर उड्या मारणं, यासाठी पोलीस धरू शकतात. अमेरिकन मित्राला दंड भरून सुटता येईल, पण तुमच्या बाबतीत अटकेची नोंद पुढे व्हिसाच्या वेळी आडवी येऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवणं तर सगळ्यात गंभीर. तसा प्रसंग ओढवलाच तर पोलिसांशी वाद घालू नका आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लगेच कळवा.

१७. आम्ही पुण्यात. लेकीचा फोन रात्रभर लागला नाही. सामना आपल्या वेळेनुसार कधी असतो?

काका-काकू, मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुढे जातात, त्यानंतर आपण साडेनऊ तास पुढे. तिथे शनिवारी संध्याकाळी ५ ला सुरू झालेला सामना आपल्याकडे रविवारी पहाटे अडीचला सुरू होतो आणि पाचच्या सुमारास संपतो. जादा वेळ आणि चषकाचा सोहळा धरला तर आणखी उशीर. त्यात डोंगरात रेंज नाही (प्रश्न ९). फोन रविवारी सकाळी आला नाही तरी दुपारपर्यंत येईल. आवाज बसलेला असेल, सर्दी समजू नका.

१८. कॉर्नेल आयव्ही लीगमध्ये आहे ना? मग आयव्हीचं विजेतेपद आणि हे एकच का?

नाही, आणि यात भले भले गोंधळतात. आयव्ही लीगमध्ये आठ विद्यापीठं आहेत. त्यातल्या कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनियाचे या श्रेणीत हॉकी संघ नाहीत. उरलेली सहा ईसीएसीतच खेळतात आणि त्यांच्या आपापसातल्या सामन्यांवरून आयव्हीचं विजेतेपद काढलं जातं. त्यासाठी वेगळी बाद फेरी नाही, राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागाही नाही. एका हंगामात आयव्ही एकानं, क्लीअरी दुसऱ्यानं आणि व्हाइटलॉ तिसऱ्यानं जिंकणं अगदी शक्य आहे.

एक मात्र लक्षात ठेवा: आयव्हीची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. चषक उचलणारा मुलगा सोमवारी तुमच्याच वर्गात चाचणी परीक्षेला बसलेला असू शकतो. केन ड्रायडन १९६७ च्या विजेत्या संघाचे गोलरक्षक होते. पुढे माँट्रियलच्या व्यावसायिक संघाकडून सहा वेळा स्टॅन्ली चषक, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सगळ्यात मोठा चषक, जिंकले, वकील झाले, कॅनडाचे मंत्री झाले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले तेव्हा इथाकातही हळहळ झाली.

१९. महिला संघाचं काय? त्यांचा जल्लोष का दिसत नाही?

बघायला लोक कमी जातात म्हणून, आणि हे बदलायला हवं. महिलाही लायनातच खेळतात. त्यांनी २०१०, २०११, २०१३ आणि २०१४ मध्ये ईसीएसी जिंकली, आणि २०२० मध्ये स्पर्धा बंद झाली तेव्हा पुरुषांप्रमाणे त्याही देशात पहिल्या होत्या. ईसीएसीतल्याच क्लार्कसनच्या महिलांनी २०१४, २०१७ आणि २०१८ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पुरुषांच्या सामन्याचं तिकीट मिळालं नाही म्हणून हळहळत बसण्याऐवजी महिलांच्या सामन्याला जा, काचेला लागून जागा मिळेल.

२०. माझा सख्खा भाऊ क्लार्कसनला आहे. अंतिम सामना आमच्यातच झाला तर एकत्र बसू का?

बसा, पण विद्यार्थ्यांच्या विभागात नको. मधल्या रांगांची तिकिटं काढा, त्याला हिरवं-पिवळं घालू द्या, तुम्ही लाल घाला. क्लार्कसन हरलं तर हस्तांदोलनाची रांग संपेपर्यंत त्याच्याशी काही बोलू नका. जिंकलं तर तुम्हीही थांबा, चषक त्यांच्या कर्णधाराच्या हातात जाईपर्यंत. २०१९ ला आमच्यातले बरेच जण असे थांबले होते. गाडीत बसल्यावर हवं तेवढं भांडा. रात्रीच्या जेवणाचे पैसे मात्र जिंकणाऱ्यानं द्यायचे.